‘समसंभाव्य’ या संज्ञेची उपेक्षा : संभाव्यतेच्या प्राथमिक अध्यापनाची एक चिकित्सा

सारांश

संभाव्यता या विषयाची विद्यार्थ्याला होणारी पहिली ओळख बहुधा एका सूत्राच्या द्वारे होते : अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या. हे सूत्र ज्या अटीवर उभे आहे ती अट, म्हणजे सर्व निष्पत्ती समसंभाव्य असणे, एका वाक्यात सांगून सोडून दिली जाते. या उपेक्षेमुळे संभाव्यता हा केवळ मोजणीचा विषय होऊन बसतो आणि पदवी स्तरावर विविध विद्याशाखांत त्याची किंमत मोजावी लागते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. प्रचलित मांडणीची चिकित्सा करून पर्यायी अध्यापनक्रमाची दिशाही येथे सुचविली आहे.

१. प्रास्ताविक

शालेय गणितातील बहुतेक प्रकरणांत विद्यार्थी निश्चिततेच्या प्रदेशात वावरत असतो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दर वेळी तेवढीच भरते आणि समीकरणाची उकल पुन्हा केली तरी तीच येते. संभाव्यतेच्या प्रकरणात तो प्रथमच अनिश्चिततेला सामोरा जातो. पुढे काय घडेल हे सांगता येत नाही, तरीही त्याविषयी काटेकोरपणे बोलता येते, ही या विषयाची मूळ जाणीव होय. ही जाणीव विद्यार्थ्याला होते का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ गणिताच्या अध्यापकांचा नाही. कला शाखेकडे जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा गणिताशी असलेला औपचारिक संबंध दहावीलाच संपतो. त्यानंतर मानसशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, वाणिज्य किंवा जीवशास्त्र यांच्या वर्गात संख्याशास्त्राच्या निमित्ताने संभाव्यता पुन्हा भेटते, तेव्हा अध्यापक शालेय ओळखीवरच पुढची इमारत उभारतो. पाया कसा घातला गेला आहे हे पाहणे म्हणूनच सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांना उपयोगाचे ठरावे.

२. पाठ्यपुस्तकी क्रम

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने २०१८ साली प्रकाशित केलेल्या इयत्ता दहावीच्या ‘गणित भाग १’ या पुस्तकात ‘संभाव्यता’ हे पाचवे प्रकरण आहे. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, समसंभाव्य निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना आणि शेवटी घटनेची संभाव्यता असा त्याचा स्थूल क्रम आहे. नाणी, फासे, पत्ते, दिलेल्या अंकांपासून तयार होणाऱ्या दोन अंकी संख्या ही उदाहरणांची परिचित सामग्री होय. हा क्रम या एकाच पुस्तकाचा नाही. पदवीच्या पहिल्या वर्षासाठी लिहिलेली अनेक संख्याशास्त्राची पुस्तकेही याच वाटेने जातात.

या मांडणीचे गुण नाकारता येणार नाहीत. संज्ञा एकामागून एक नेटकेपणाने येतात, संचाची भाषा वापरात येते आणि उत्तर तपासणे सोपे जाते. पण या सोयीतच तिची मर्यादाही आहे. नमुना अवकाश लिहा, त्यातील घटक मोजा, घटनेतील घटक मोजा आणि भागाकार करा, या चार पायऱ्यांत प्रत्येक उदाहरण सुटते. या चार पायऱ्यांमध्ये ‘या निष्पत्ती समसंभाव्य आहेत का?’ हा प्रश्न कोठेही येत नाही. संज्ञा सांगितली जाते, तिची व्याख्या पाठ होते. मात्र एकही उदाहरण सोडविताना तिचा उपयोग करावा लागत नाही. जी अट कधीच मोडत नाही ती विद्यार्थ्याच्या लेखी अट राहत नाही. ती केवळ शोभेपुरती उरते.

परिणाम असा होतो की ‘उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणून पावसाची संभाव्यता १/२’ हे विधान विद्यार्थ्याला चुकीचे वाटत नाही. वाटलेच तर ते का चुकीचे आहे हे त्याला सांगता येत नाही. शिकविलेल्या सूत्रानुसार तो अगदी योग्य वागलेला असतो. दोष त्याच्या आकलनाचा नसून मांडणीचा आहे.

३. संज्ञेतच दडलेले वर्तुळ

मराठी परिभाषेने येथे एक गोष्ट उघड केली आहे. संभाव्यतेची व्याख्या करण्यासाठी आपण ‘समसंभाव्य’ ही संज्ञा वापरतो, म्हणजेच ज्या कल्पनेची व्याख्या करावयाची तिचाच आधार घेतो. ही चक्राकार व्याख्या आहे. मराठीत हे वर्तुळ शब्दातच दिसते. विद्यार्थ्याने ‘संभाव्यता म्हणजे काय हे अजून सांगितलेले नाही, मग समसंभाव्य म्हणजे काय?’ असे विचारले, तर तो प्रश्न अप्रस्तुत ठरत नाही. किंबहुना हा प्रश्न वर्गात विचारला गेला तर प्रकरणाची खरी सुरुवात झाली असे समजावे.

फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या १८१२ व १८१४ मधील ग्रंथांनी ही व्याख्या रूढ केली. दोन निष्पत्तींपैकी एकीची अपेक्षा दुसरीपेक्षा अधिक धरण्यास काही कारण नसेल तर त्या समान मानाव्यात, असा या विचाराचा आशय आहे. परंतु ‘कारण नाही’ याचे दोन अर्थ होतात. नाण्याच्या दोन बाजू घडणीने जवळजवळ सारख्या आहेत हे जाणून त्या समान मानणे ही एक गोष्ट. काहीच माहिती नसल्यामुळे त्या समान मानणे ही दुसरी. पहिल्यात समतेचे ज्ञान आहे, दुसऱ्यात केवळ अज्ञान आहे. पावसाविषयीचे वरील विधान दुसऱ्या प्रकारात मोडते. पाठ्यपुस्तकी मांडणीत हा भेद स्पष्ट होत नाही.

या अटीने थोर विचारवंतांनाही चकविले आहे. दालांबेर यांनी फ्रेंच विश्वकोशाच्या १७५४ मधील खंडात छापा-काट्यावरील नोंदीत पुढील प्रश्नाचा विचार केला : नाणे दोनदा फेकण्याची मुभा असताना किमान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? त्यांचा युक्तिवाद असा की पहिल्याच फेकीत छापा पडला तर दुसरी फेक करण्याचे कारण उरत नाही. म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच शक्यता राहतात आणि उत्तर २/३ येते. योग्य उत्तर ३/४ आहे. दालांबेर यांनी शक्यतांची यादी अपुरी केलेली नव्हती. त्या तीन शक्यता खरोखरच सर्वसमावेशक आणि परस्परांना वगळणाऱ्या आहेत. चूक एवढीच की त्यांची संभाव्यता समान नाही. पहिलीची १/२ तर उरलेल्या दोहोंची प्रत्येकी १/४ आहे. नमुना अवकाश निर्दोष असूनही उत्तर चुकू शकते, हे दाखविणारे याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण. तरीही प्राथमिक पुस्तकांत ते क्वचितच आढळते.

सतराव्या शतकाच्या आरंभी गॅलिलिओ यांच्यापुढे आलेला प्रश्नही याच जातीचा होता. तीन फासे टाकले असता बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार आहेत आणि १० येण्याचेही सहाच. तथापि अनुभवी खेळाडूंना १० ही बेरीज किंचित अधिक वेळा येते असे जाणवत होते. गॅलिलिओ यांनी दाखविले की हे सहा-सहा प्रकार सारख्या वजनाचे नाहीत. ३, ३, ३ हा प्रकार एकाच रीतीने घडतो, तर १, २, ६ हा सहा रीतींनी. एकूण २१६ रीतींपैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ रीती निघतात. येथे लक्षणीय गोष्ट ही की अनुभवाने आधी शंका उपस्थित केली आणि गणिताने मागाहून तिचे निरसन केले. आपल्या वर्गात हा क्रम उलटा असतो; किंबहुना अनुभवाची पायरी बहुधा येतच नाही.

४. कवडीचे उदाहरण

सममित वस्तूंच्या बाहेर पडण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सारीपाट, अष्टाचंगा यांसारख्या आपल्या परंपरागत खेळांत दान टाकण्यासाठी कवड्या वापरल्या जात, आणि कवड्या नसतील तेथे फोडलेले चिंचोके. कवडी एक तर उताणी पडते किंवा पालथी. निष्पत्ती दोनच आहेत, परंतु कवडीचा आकार पाहता त्या समसंभाव्य मानण्यास काहीही आधार नाही. एक बाजू फुगीर, दुसरी चपटी आणि मध्ये फट असलेली. उताणी पडण्याची संभाव्यता किती, हे नुसते पाहून सांगता येत नाही, सूत्रानेही काढता येत नाही. कवडी टाकूनच पाहावे लागते.

अष्टाचंग्यात चार कवड्या टाकतात. स्थलपरत्वे नियमांत भेद असले तरी सामान्यतः जितक्या कवड्या उताण्या तितके दान, आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, असा हिशेब असतो. म्हणजे दाने पाच : एक, दोन, तीन, चार व आठ. सूत्र यांत्रिकपणे वापरणारा विद्यार्थी प्रत्येक दानाची संभाव्यता १/५ सांगेल. थोडा पुढे गेलेला विद्यार्थी चार कवड्यांच्या १६ रीती मांडेल आणि चार व आठ या दानांना प्रत्येकी १/१६, एक व तीन यांना प्रत्येकी ४/१६ आणि दोनला ६/१६ असे उत्तर देईल. हे उत्तर पहिल्यापेक्षा चांगले आहे, पण तेही कवडीच्या दोन बाजू समसंभाव्य असल्याच्या गृहीतकावर उभे आहे.

समजा, पुष्कळ वेळा टाकून पाहिल्यावर एखादी कवडी उताणी पडण्याचे प्रमाण ०.४ आढळले. चारही कवड्या तशाच आहेत आणि एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही असे मानले, तर एक व दोन या दानांची संभाव्यता प्रत्येकी ०.३४५६, तीनची ०.१५३६, चारची ०.०२५६ आणि आठची ०.१२९६ येते. या पाचांची बेरीज १ होते. आता आठाचे दान चाराच्या दानापेक्षा सुमारे पाचपट वेळा पडेल. उताणे पडण्याचे प्रमाण ०.६ असते तर हेच नाते नेमके उलट झाले असते. खेळ तोच, निष्पत्तींची यादी तीच. फक्त समसंभाव्यतेचे गृहीतक बदलले आणि सर्व उत्तरे बदलली. या एका उदाहरणात विद्यार्थ्याला प्रयोगाची गरज, गृहीतकाचे स्थान आणि गणिताचे सामर्थ्य या तिन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

५. वारंवारतेचा मार्ग आणि त्याच्या मर्यादा

यावर असे म्हणता येईल की प्रयोगावर आधारित मांडणी आपल्याकडे झालेली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या २००६ मधील इयत्ता नववीच्या पुस्तकात संभाव्यतेची सुरुवात प्रायोगिक दृष्टीने केली होती आणि सैद्धांतिक व्याख्या दहावीसाठी राखून ठेवली होती. हा क्रम शैक्षणिकदृष्ट्या विचारपूर्वक योजलेला होता. पुढे २०२२-२३ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना नववीचे ते प्रकरण वगळण्यात आले. प्रयोगाचा भाग वगळला आणि सूत्राचा भाग राखला, या निवडीतून आपल्या शिक्षणव्यवस्थेची त्या वेळची पसंती स्पष्ट होते.

तथापि केवळ ‘नाणे फेका आणि नोंदी ठेवा’ असे सांगितल्याने प्रश्न सुटत नाही. ब्यूफाँ यांनी नाणे ४,०४० वेळा फेकले असता २,०४८ छापे पडले. कार्ल पिअर्सन यांच्या २४,००० फेकींत १२,०१२ छापे आले. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिच यांनी केलेल्या १०,००० फेकींत ५,०६७ छापे पडले. ही उदाहरणे पुस्तकांतून दिली जातात, परंतु त्यांतून काय शिकावे हे बहुधा अध्याहृत राहते. वर्गातील विद्यार्थी नाणे दहा वेळा फेकतो. दहा फेकींत नेमके पाच छापे पडण्याची संभाव्यता २५२/१०२४, म्हणजे सुमारे ०.२५ आहे. चारपैकी तीन विद्यार्थ्यांना पाचपेक्षा वेगळे उत्तर मिळणे हेच अपेक्षित आहे. हे आधी सांगितले नाही तर ‘प्रयोग चुकला’ असा निष्कर्ष निघतो आणि काही वह्यांत आकडे ‘दुरुस्त’ केले जातात. प्रयोगातून शिकावयाची मुख्य गोष्ट, म्हणजे चढउतार हा यादृच्छिकतेचा दोष नसून स्वभाव आहे, ती येथेच हरवते.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे. दीर्घकाळात गुणोत्तर स्थिरावते याचा अर्थ पुढील फेकी मागील फेकींची भरपाई करतात असा घेतला जातो. पहिल्या दहा फेकींत दहाही छापे पडले असे धरू. त्यानंतरच्या १,००० फेकींत छापे व काटे समसमान, ५०० व ५००, पडले तरी एकूण गुणोत्तर ५१०/१०१०, म्हणजे सुमारे ०.५०५ होते. काट्यांनी कोणतीही भरपाई केलेली नाही. आरंभीचे आधिक्य मोठ्या संख्येत विरून गेले एवढेच. ‘सलग तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार’ किंवा ‘इतकी वर्षे सोडतीची तिकिटे काढली, आता बक्षीस लागायलाच हवे’ या समजुतींचे मूळ भरपाईच्या या कल्पनेत आहे. पदवीधरांच्या घरांतही त्या आढळतात, ही गोष्ट आपल्या अध्यापनाच्या हिशेबात धरली पाहिजे.

नाण्याविषयीही अलीकडे नवे काही कळले आहे. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील फ्रांटिशेक बार्टोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ३,५०,७५७ फेकींचा अभ्यास मांडला. फेकताना जी बाजू वर होती तीच बाजू सुमारे ५०.८ टक्के वेळा वर आली. पर्सी डायकोनिस, सुझन होम्स आणि रिचर्ड माँटगोमेरी यांनी २००७ मध्ये यांत्रिकीच्या आधारे वर्तविलेल्या अंदाजाशी हे जुळते. व्यवहारात हा फरक नगण्य असला तरी विद्यार्थ्यासाठी त्याचे महत्त्व आहे. ‘छापा १/२’ हे विधानही एक प्रतिमान आहे, उत्तम प्रतिमान आहे, आणि ते वास्तवाशी पडताळून पाहता येते.

६. विविध विद्याशाखांतील पडसाद

समसंभाव्यतेचा प्रश्न गणिताच्या वर्गापुरता राहत नाही. आनुवंशिकीचा विद्यार्थी मेंडेल यांच्या प्रयोगांतील ९ : ३ : ३ : १ हे गुणोत्तर शिकतो. येथे दृश्य प्रकार चार असून ते समसंभाव्य नाहीत; समसंभाव्य आहेत ती चौकटीतील १६ घरे, आणि तीही दोन गुणधर्म एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटले जातात या अटीवर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेटसन, साँडर्स आणि पनेट यांना एका शोभेच्या वाटाण्यात हे गुणोत्तर जुळत नसल्याचे आढळले. त्या विसंगतीचा अर्थ पुढे मॉर्गन यांच्या गुणसूत्रविषयक संशोधनातून उलगडला. गृहीतक तपासले गेले म्हणूनच नवे ज्ञान हाती आले.

भूगोलाच्या व कृषिविषयाच्या विद्यार्थ्याला भारतीय हवामानशास्त्र विभागाचा मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज अभ्यासावा लागतो. त्यात अपुऱ्या पावसापासून अतिरिक्त पावसापर्यंत पाच वर्ग दिलेले असतात आणि प्रत्येक वर्गाची संभाव्यता टक्क्यांत असते. पाच वर्ग म्हणून प्रत्येकी २० टक्के असे येथे चालत नाही. मागील नोंदींनुसार सामान्य पावसाचा वाटा सुमारे एक तृतीयांश आणि उरलेल्या चारांचा प्रत्येकी सुमारे एक षष्ठांश असतो. या वर्षीचा अंदाज या पार्श्वभूमीशी ताडून पाहिल्यावरच त्यातील आकड्यांना अर्थ प्राप्त होतो. विमागणित, रोगनिदान, मतदानपूर्व चाचण्या या सर्वच ठिकाणी विद्यार्थ्याला असमान वजने हाताळावी लागतात. शाळेतील सूत्र त्याला तेथपर्यंत नेत नाही.

७. आक्षेप आणि पर्याय

सुचविलेल्या दिशेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला काटेकोरपणाचा : प्रयोग हे गणित नव्हे, प्रारंभिक विद्यार्थ्याला शुद्ध व्याख्याच द्यावी. परंतु १९३३ मध्ये कोल्मोगोरोव्ह यांनी संभाव्यतेची जी स्वयंसिद्धकीय मांडणी केली तिच्यात समसंभाव्यतेला विशेष स्थान नाही. सांत नमुना अवकाशापुरते बोलावयाचे तर प्रत्येक निष्पत्तीला एक ऋणेतर वजन द्यावे, सर्व वजनांची बेरीज १ असावी आणि घटनेची संभाव्यता म्हणजे तिच्यातील निष्पत्तींच्या वजनांची बेरीज, एवढेच ती मागते. सर्व वजने समान असणे ही त्यातील एक विशेष स्थिती होय. म्हणजे असमान वजनांपासून सुरुवात करणे हे काटेकोरपणापासून दूर जाणे नसून त्याच्या जवळ जाणे आहे, आणि त्यासाठी बेरजेपलीकडे काही लागत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा व परीक्षेचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रयोग करणे सोपे नाही. तथापि तीन तासिकांत पुढील क्रम बसू शकतो. पहिल्या तासिकेत गटागटाने कवड्या किंवा चिंचोके टाकावेत. टाकण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपला अंदाज लिहून ठेवावा. वीस गटांनी प्रत्येकी ५० वेळा एक कवडी टाकली तर १,००० नोंदी मिळतात. गटागटांतील तफावत आणि एकत्रित प्रमाण ही दोन्ही फळ्यावर मांडावीत. दुसऱ्या तासिकेत नाणे व फासा घेऊन समसंभाव्यता कोणत्या आधारावर मानली हे विचारावे आणि दालांबेर यांचा युक्तिवाद विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यातील दोष त्यांनाच शोधू द्यावा. तिसऱ्या तासिकेत वजनांचा तक्ता, बेरजेचा नियम आणि त्यातून विशेष स्थिती म्हणून परिचित सूत्र यावे. परीक्षेतील उदाहरणे त्यानंतर पूर्वीइतक्याच सहजतेने सुटतील.

प्रश्नपत्रिकेतही छोटासा बदल पुरेसा आहे. प्रत्येक उदाहरणाच्या उत्तरात ‘येथे निष्पत्ती समसंभाव्य मानल्या आहेत, कारण...’ हे एक वाक्य पूर्ण करण्यास एक गुण ठेवावा, आणि अधूनमधून असे एखादे उदाहरण द्यावे की ज्यात हे वाक्य पूर्ण करता येणार नाही. मूल्यमापनात ज्याला स्थान मिळते त्याकडे विद्यार्थी व अध्यापक दोघेही लक्ष देतात, हे वास्तव येथे उपयोगी पडेल.

८. समारोप

संभाव्यतेच्या प्राथमिक मांडणीत सूत्र चुकीचे नाही, उदाहरणेही चुकीची नाहीत. उणीव आहे ती सूत्र कोठे लागू पडत नाही हे दाखविण्याची. समसंभाव्यता हे निरीक्षणाने व तर्काने समर्थन करण्याजोगे गृहीतक आहे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत कळले पाहिजे. ते कळले तर पुढे पावसाचा अंदाज, विम्याचा हप्ता किंवा वैद्यकीय चाचणीचा अहवाल समोर आल्यावर ‘ही संख्या कोठून आली?’ असे तो विचारील. शाळेने ही सवय लावली नसेल तर पदवीच्या पहिल्या वर्षी ती लावण्याची जबाबदारी महाविद्यालयीन अध्यापकांवर येते, मग त्यांचा विषय गणित असो वा अन्य कोणताही.